जावई बाहेर आला का

पुरवणी जबाब

नाव आणि पत्ता पहिल्या जबाबात आहे तोच. वय सत्तावन्न. धंदा नोकरी, मोटारीचे दरवाजे दाबून काढणाऱ्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणे. लिहिता-वाचता येते.

मी समक्ष हजर होऊन सांगतो की, मला आज कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आलो आहे. माझा पहिला जबाब अपघात झाला त्या संध्याकाळी याच टेबलावर घेतला होता. त्यात 'मी गाडीवर होतो, आवाज फार होता, नेमके काय झाले ते सांगता येत नाही' असे लिहिले आहे. मी गाडीवर होतो हे खरे. आवाज फार होता हेही खरे. सांगता येत नाही हे खोटे.

मयत हा माझा जावई, माझ्या एकुलत्या एका मुलीचा नवरा. आमच्याच कारखान्यात तो रोबोटची देखभाल करत होता. अटकेत असलेला प्रेस ऑपरेटर माझा जुना जोडीदार आहे. त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो काडीसारखा आहे. मला सगळे मामा म्हणतात. जावई कामावर नवा आला तेव्हा सगळे म्हणतात म्हणून तोही मला मामा म्हणायचा, लग्न झाल्यावर नात्याने म्हणू लागला. हाक तीच राहिली, पण तो ती जरा हळू मारू लागला होता.

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी सुरुवातीला 'यंत्रमानव' असा शब्द लिहिला होता. तो मी खोडायला लावला. आमच्याकडे कोणी यंत्रमानव म्हणत नाही. साहेब रोबोट म्हणतात आणि आम्ही जावई म्हणतो. हवालदार म्हणाले, "अहो, मग वाचणाऱ्याला कळायचं कसं, यंत्र कोणतं आणि माणूस कोणता?" मी म्हणालो, "तेच तर सांगायला आलोय."

तो रोबोट येण्याआधी त्या प्रेसवर मी आणि पैलवान हाताने पत्रा घालत होतो. पत्र्याचे एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. पत्रा खालच्या डायवर, म्हणजे साच्यावर, बसवायचा, हात काढायचे आणि 'बाहेर' म्हणायचे. दोघांनी 'बाहेर' म्हटल्याशिवाय प्रेस खाली आणायचा नाही, मग बाहेर साहेब उभे असोत की साहेबांचे साहेब. त्या खात्यात बोटे गमावलेली माणसे कमी नाहीत. आमच्या दोघांची वीसच्या वीस शाबूत आहेत ती या एका शब्दाच्या जोरावर.

मग आमच्या जागी रोबोट आला. पैलवानला चालू-बंद करायच्या पॅनेलवर बसवले आणि मला फोर्कलिफ्टवर. रोबोटच्या वायरिंगच्या कपाटाला गार हवेची स्वतंत्र सोय होती, त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा होता, त्याच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही असा फलक होता. आम्ही मात्र घामाने निथळत होतो. पहिल्याच दिवशी मी त्याच्यासमोर वाकून म्हणालो, "या जावईबापू, काही कमी पडलं तर सांगा." सगळे खदाखदा हसले आणि ते नाव चिकटले. पुढे साहेबही फोनवर "जावई चालू आहे ना?" असे विचारू लागले. नाव मी ठेवले, हे लिहून घ्यावे.

मुलीचे लग्न नंतर झाले. रोबोटच्या देखभालीला आलेल्या पोरानेच तिला मागणी घातली. मुलगा सरळ होता. बोलायला कमी आणि हसायला उशीर लावणारा. त्यानंतर खात्यात आमची थट्टा सुरू झाली ती थांबलीच नाही. पैलवान म्हणायचा, "एका जावयाची बडदास्त ठेवायला दुसरा जावई केलास होय रे?" घरीसुद्धा तेच. लग्नानंतर ती दोघे माझ्याकडेच राहत; मी आणि तो पाळीवरून आलो की मुलगी दारातच विचारायची, "थोरले जावई काय म्हणतात?" आणि आमचा धाकटा जावई तोंड वाकडे करून म्हणायचा, "रुसलेत." मला त्या थट्टेचा राग यायचा असे नाही. मला ती आवडायची.

पिंजऱ्याच्या दरवाजाबद्दल सांगतो. दरवाजा उघडला की रोबोट जागच्या जागी मेला पाहिजे, असा स्विच त्याला आहे. पण एकदा असा थांबवला की पुन्हा कामाला लागायला तो वेळ घेतो आणि माल मागे पडतो. म्हणून स्विचचा दरवाजाकडचा तुकडा काढून स्विचमध्येच चिकटपट्टीने बसवून ठेवला होता. म्हणजे दरवाजा उघडा असला तरी रोबोटला तो बंदच वाटे. हा साहेबांचा तोंडी हुकूम होता. जावयाने दोन वेळा तो तुकडा काढून दरवाजाला परत लावला, दोन्ही वेळा साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापले. तिसऱ्यांदा त्याने काढला नाही. पंचनाम्यात स्विच ठीक असल्याचे लिहिले असेल, तर तो अपघातानंतर ठीक झालेला आहे.

घटनेच्या दिवशी पहिली पाळी होती. जेवणाच्या सुट्टीनंतर रोबोटचा हात प्रेसमध्ये असतानाच अडकला. पत्रा उचलणाऱ्या रबरी कपांपैकी एक फाटला होता आणि पत्रा तिरका लोंबत होता. जावई आत गेला. रोबोट हलवायच्या हातातल्या पेटीवरून त्याने रोबोटचा हात हळूहळू मागे घेतला, प्रेसमधून बाहेर काढला, आणि गुडघ्यावर बसून कप बदलू लागला. दोन्ही हात कामाला लागले, म्हणून पेटी त्याने खाली ठेवली.

पैलवान प्रेसच्या पलीकडे पॅनेलवर होता. मधे तयार दरवाजांचे रॅक उभे केलेले होते. ते तिथे तात्पुरते म्हणून ठेवले होते आणि वर्ष झाले तरी हलवले नव्हते. त्यामुळे त्याला पिंजऱ्यातले काही दिसत नव्हते. मी कोपऱ्यावर गाडी घेऊन उभा होतो. मला दोन्हीकडचे दिसत होते. रोबोटचा हात दिसत होता आणि त्याच्या मागे जावयाची पिवळी टोपी दिसत होती.

पैलवान ओरडला, "मामा, जावई बाहेर आला का?"

मी ओरडून म्हणालो, "आला, आला बाहेर."

हे वाक्य मी बोललो आहे. पैलवानने विचारले आणि मी उत्तर दिले. पहिल्या जबाबात मी हेच सांगितले नाही.

त्याने पॅनेलवरची किल्ली हळू चालीवरून पूर्ण वेगावर फिरवली आणि चालू केले. मी गाडीवरून उडी मारून लाल बटण दाबले. तोपर्यंत रोबोटची एक फेरी झाली होती. त्याने पत्रा उचलण्यासाठी हात जिकडे न्यायला हवा तिकडेच नेला, चुकला नाही. पुढचे डॉक्टरांच्या कागदात आहे. ते मी सांगणार नाही. पिंजऱ्यात आधी मी गेलो, एवढे लिहा.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो. रोबोटचा हात अडकला की पैलवान दर वेळी हाच प्रश्न ओरडायचा, आणि दर वेळी तो रोबोटबद्दलच असायचा. हात डायमध्ये राहिला आणि वरून प्रेस आला तर रोबोटचा चुरा होईल, ही भीती साहेबांनी आमच्या अंगात भिनवली होती. त्यामुळे मी हाताकडे बघितले. हात बाहेर आला होता, मी आला म्हणालो. जावई, म्हणजे माझा जावई, आत आहे हे मला दिसत होते. पैलवानलाही ते ठाऊक असणार असे मी धरून चाललो. आत जाण्याआधी तो पॅनेलजवळून गेला, तेव्हा पैलवानने त्याला पाहिले होते. म्हणूनच त्या दिवशी त्याने माणसाबद्दल विचारले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माणसाबद्दल विचारले, आणि मी यंत्राबद्दल सांगितले.

माणूस आत आहे का, हे विचारायला आमच्याकडे वेगळा शब्दच नव्हता. आम्हा दोघांचा जुना शब्द होता, पण तो ज्याचा त्याने स्वतः उच्चारायचा असायचा. माझ्यासाठी पैलवान 'बाहेर' म्हणत नव्हता आणि त्याच्यासाठी मी म्हणत नव्हतो. जावयासाठी मी म्हणालो. हे ठळक लिहा असे मी सांगितले. जबाबात ठळक लिहिता येत नाही असे हवालदारांनी सांगितले.

त्या संध्याकाळी आम्हा दोघांना याच ठाण्यात बाहेरच्या बाकावर बसवले होते. मी म्हणालो, "अरे, मी हाताचं सांगितलं रे तुला." तो म्हणाला, "मी पोराचं विचारलं होतं." आत बोलावण्याआधी त्याने माझे मनगट धरले आणि म्हणाला, "मामा, ऐक. मी विचारलंच नाही. तू बोललाच नाहीस. पोरीला तुझ्या घरात राहायचंय, माझ्या नाही." तो आत गेला आणि 'मी कोणाला न विचारता चालू केले' असे सांगून आला. मग मी आत गेलो आणि मला काही सांगता येत नाही म्हणालो. मी त्याचे उपकार गुपचूप खिशात घातले. त्याची मला किळस येते.

त्यानंतर साहेब घरी येऊन गेले. आधी हात जोडून बसले, मग म्हणाले, "मामा, ऑपरेटरनं कबूल केलंय, प्रकरण सरळ आहे. आता तुम्ही त्यात आणखी काही घालू नका. ताईंना ऑफिसात चिकटवून घ्यायचं मी बघतो." मी स्विचच्या तुकड्याचे काढले तर म्हणाले, "कसला तुकडा?" माणूस तोंडावर इतके सपाट बोलू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिले. जाताना त्यांनी रोबोट दुरुस्त होऊन परत चालू झाल्याचेही सांगितले, जणू मी काळजीत होतो.

मुलगी रडत नाही. ती विचारते. एकच विचारते, "बाबा, तुम्ही समोरच होतात ना? मग तुम्ही त्याला हाक का नाही मारलीत?" मी म्हणतो, आवाज होता गं. ती म्हणते, "पण तुमचा आवाज तर मोठा आहे." पुन्हा थोड्या वेळाने तेच विचारते. तिला वाटते मी गप्प उभा राहिलो. मी तेवढे तरी केले असते तर आज तो घरी असता. ती पैलवानला शिव्या देते आणि मी मान हलवतो. काल तिने त्याच्या बायकोच्या तोंडावर दार लावले. ती बाई काही मागायला आली नव्हती, नुसती भेटायला आली होती. दार लावले तेव्हा मी आत पाणी पीत होतो. म्हणून मी आज आलो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, पैलवानने विचारले होते. नियमाप्रमाणे विचारले, उत्तर मिळाल्यावरच चालू केले. उत्तर माझे होते. त्याला सोडावे. दरवाजाचा स्विच कोणी बांधून ठेवायला लावला याची चौकशी करावी. माझ्यावर जे कलम लागेल ते लावावे, मला त्याबद्दल तक्रार नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला होता तो गप्प राहण्यासाठी.

वरचा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मुलगी माझ्यासोबत आली होती; मी सांगत होतो तोवर ती बाहेरच्या बाकावर होती, वाचायच्या वेळी मी तिला आत बोलावून दाराजवळ खुर्चीवर बसवले. कशासाठी जायचे ते मी तिला सांगितले नव्हते. वाचायला घेण्याआधी हवालदारांनी विचारले, ताईंना बाहेर बसवू का? मी नको म्हणालो. घरी तिच्यासमोर माझी जीभ रेटली नाही, निदान दुसऱ्याच्या तोंडून तरी तिने ऐकावे म्हणून मी तिला आणले होते. मी पैलवानला दिलेले उत्तर वाचून झाले तेव्हा ती उठली. माझ्याकडे न बघता बाहेर गेली. हवालदार थांबले. मी त्यांना पुढे वाचायला सांगितले आणि राहिलेला जबाब एकट्याने ऐकला. हा शेवटचा भाग त्यानंतर माझ्या सांगण्यावरून जोडला आहे. सगळे मी सांगितले तसेच लिहिले आहे, ते खरे आहे, आणि त्याखाली मी सही करत आहे.