तळेआळीची राखण

मी, गौराबाई सखा रोकडे, वय पंचेचाळीसच्या आसपास, धर्म बौद्ध (आधी दुसरं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं), धंदा भाताच्या गिरणीत पाखडणी, शिक्षण सहीपुरतं, राहणार तळेआळीमागची वस्ती, दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. आज फेब्रुवारी १९६२ मध्ये पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते ते असं.

वरील ठिकाणी मी नवरा सखा याच्यासह राहते. सखा रेल्वेच्या गँगवर रुळाच्या कामाला आहे. आमची वस्ती आणि तळेआळी यांच्यामध्ये फक्त एक बांध आहे.

दिवाळीपासून आळीत चोऱ्या वाढल्या. पहिल्यांदा धाकलू वाण्याच्या दुकानाचा पत्रा उचकटला. मग मास्तरांची सायकल गेली. मग मोतीबाईच्या पडवीतला तांब्याचा बंब गेला, पाणी तापत होतं तर विस्तवासकट नेला. आता आळीतल्या बायका विहिरीवर एकट्या जात नाहीत. कोंडीची सासू हंडे उशाला घेऊन झोपते. प्रत्येक चोरीनंतर पोलीस आधी आमच्या वस्तीत आले, टोपल्या उलट्या केल्या, पीठ सांडलं. काही मिळालं नाही. माझ्या दोन कोंबड्या गेल्या ती तक्रार लिहून घेतली नाही. कोंबड्या कसल्या लिहायच्या, म्हणाले.

पूर्वी आळीची राखण सखाकडे होती. त्याच्या आधी त्याचा बाप नागू याच्याकडे. रात्री काठी आपटत फिरायचं आणि संध्याकाळी दारोदार भाकर मागायची. आळीत काही चोरीला गेलं तर राखणदाराने हजर करायचं, नाहीतर मार खायचा, अशी रीत होती. सासऱ्याची पाठ मी शेकलेली आहे. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर सखाने राखण सोडली. वस्तीतल्या दुसऱ्या कुणीही धरली नाही. आळीने पगार देऊन माणूस ठेवला नाही.

बंब गेल्यावर आळीतला मोठा शेतकरी चंदर बांधावर आला. म्हणाला, "सखा, राखण धर रं. तुमचंच काम हाय ते."

सखा म्हणाला, "आता नाय जमायचं, दादा. माजी डूटी असते."

"डूटी! परवापत्तुर आमची भाकर गोड लागत हुती."

मी मधे बोलले, "गोड कसली? शिळी असायची. कुत्र्यानं हुंगून सोडलेली."

चंदर म्हणाला, "सखा, घरात तू बोलतोस का ही?"

मी म्हटलं, "ज्याला सुचतं तो बोलतो."

तो निघून गेला.

गेल्या बाजाराच्या दिवशी गिरणीचा पट्टा तुटला म्हणून आम्हाला लवकर सोडलं. दुपारची वेळ होती, आळीतले लोक बाजाराला गेलेले. मी बांधावरून येत असता चंदरचा पुतण्या गजा हा जानकीबाईच्या मागच्या दाराने बाहेर आला. जानकीबाई विधवा आहे, एकटी राहते. गजाने सायकलच्या मागे गोणपाट बांधलं होतं आणि त्यातून हंड्याचा गळा बाहेर आला होता. सायकल मास्तरांची होती. वरून हिरवा रंग मारला होता, पण पुढचा मडगार्ड तोच, चेपलेला.

मी विचारलं, "काय रं गजा, काय नेतोस?"

"कल्हईला, गौरामावशी."

"कल्हईवाला तर आला नाय."

"मग हुडकाय चाललो," म्हणाला आणि हसत गेला. लपून गेला नाही.

जानकीबाई बाजारातून आल्यावर मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "गौरा, मला सांगू नको. माज्या शेतात पाणी त्यांच्या शेतातनं येतं. मला हितंच ऱ्हायचंय." तिने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने ठाण्यात येऊन सांगितलं की हंडा गेला आणि संशय जुन्या राखणदारावर आहे, कारण त्याला सगळ्यांची मागची दारं ठाऊक आहेत.

सखाला रुळावरून, मुकादमासमोर धरून आणलं. मी भाकर घेऊन आले तेव्हा तो भिंतीला धरून उभा होता. विचारलं तर घसरून पडला असं सांगण्यात आलं. फरशी कोरडी होती.

आज चंदर आळीतली दोन माणसं घेऊन ठाण्यात आला. समजुतीने असं ठरलं की सखाने पुन्हा राखण धरावी, म्हणजे जानकीबाई हंडा सापडला म्हणून लिहून देईल. सखाला विचारलं. तो हो म्हणाला.

मी म्हटलं, "हो कशाला म्हनलास?"

"गौरे, मुकादम नाव कापील. उद्या गेलो नाय तर काम गेलं."

"आन् राखण धरल्यावर परत चोरी झाली तर? तुज्या बापाचं इसरलास?"

सखाच्या आधी चंदर बोलला, "व्हायची नाय चोरी." हे त्याने अगदी खात्रीने सांगितलं.

जबाबातून गजाचं नाव गाळावं असं मला सुचवण्यात आलं. मी गाळत नाही. पाहिलं ते पाहिलं. पण माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, कारण तक्रार केली तर सखा आज सुटत नाही. दोन्ही लिहा म्हटलं, म्हणून दोन्ही लिहिलं आहे.

जबाब मी दोन वेळा वाचून दाखवायला लावला, कारण पहिल्या वेळी गजाच्या नावाशी वाचणाऱ्याचा आवाज खाली गेला. दुसऱ्या वेळी नीट ऐकू आलं. मी बोलले तेच लिहिलं आहे. अंगठा देत नाही, सही करते. आता सखाला सोडा. उजेड आहे तोवर सोडा, त्याला घरापर्यंत चालायला वेळ लागेल.

सही: गौराबाई सखा रोकडे