भगवानरावांचा फेटा आन् माझं ग्राफिक कार्ड

...आन् वर मलाच म्हनत्यात, एकदा रिस्टार्ट करून बगा. आवो, रिस्टार्ट करून करून त्या बटनावरला रंग उडाला, आता अंधारात चाचपून बटन हुडकावं लागतंय, आन् ह्यांचं आपलं एकच. तुमाला सांगतो, ग्राफिक कार्डाचं नुसतं नाव जरी कुनी काढलं ना, मला मळमळतंय. खोटं न्हाई. किळस आलीय, किळस. ताटात भाकर असली तरी मला तिच्यावर कंप्युटरचा तो निळा गोल फिरताना दिसतो.

तुमी म्हनचाल, सोमनाथ, तुझा युसूफ वडगावसारख्या खेड्यात एवढुसा फोटो स्टुडिओ, पासपोर्टचे फोटो काढायचे, आधारची झेराक्स मारायची, वाढदिवसाचे बॅनर करायचे, तुला ग्राफिक कार्ड कावून लागलं? बरूबर हाय तुमचं. मला न्हाईच लागत. माझा कंप्युटर बारा वर्साचा, सकाळी चालू करून मी आंगुळीला जातो, आंगुळ, देवपूजा, चहा झाला की तो उठतो. आमचं दोघांचं चांगलं चाललं व्हतं. ह्या कार्डाच्या नादी मी लागलो ते भगवानरावाच्या फेट्यापायी.

आता भगवानराव कोन, ते सांगतो. माझ्या आक्काची पोरगी उज्ज्वला, गेल्या महिन्यात तिचं लगीन झालं, तलवाड्याला दिली. भगवानराव म्हंजी नवरदेवाचा मामा, आष्टीचा गडी, मिशी अशी की ती आदी घरात येती आन् मागून हा. लगीन बेस झालं, जेवनं झाली, पोरगी नांदायला गेली, पाचपरतावनाला माहेरी आली, आन् इतंच अडकली. कारन आष्टीवरून निरोप आला. काय म्हनून? तर, 'मी नवरदेवाचा मामा, भर मांडवात मला मानाचा फेटा बांधला न्हाई. जवर माझा मान होत न्हाई, तवर सुनंला आनायला कुनी जायचं न्हाई. जो जाईल त्यानं मला मेला समजावं.' झालं. तलवाड्याचे लोक घरात बसून. जावई बापुडा मामाच्या शब्दाभाईर न्हाई, गुपचूप फोन करतो आन् मामाचा आवाज आला की ठेवतो. आन् पोरगी इकडं दारात बसून रस्ता बगतीय. दहा दिवस. लोक इच्यारायलेत, काय गं उज्ज्वला, अजून इतंच? त्या पोरीचं तोंड एवढंसं झालतं. आमची आक्का तर रोज रडायची आन् रडून झालं की मला शिव्या द्यायची.

मला कावून? कारन मानपानाची यादी माझ्याकडं व्हती ना. मी नवरीचा मामा. मानाचे जरीचे फेटे पाच, बाकीच्यांना साधे, फेटे बांधनारा केजहून आनलेला, आन् यादी वाचायला माईकवर मी. मी सोता भगवानरावाचं नाव पुकारलं व्हतं. मला चांगलं याद हाय. म्हनून मी काय केलं, चार मानसात फोनवर बोलून बसलो, 'भगवानराव, व्हिडिओ हाय. व्हिडिओत तुमच्या डोक्यावर फेटा दिसला न्हाई ना, तर आष्टीला येऊन तुमच्या पायावर डोकं ठेवीन.' तो म्हनला, 'आयतवारी येतो. दाखव.' आयतवाराला राहिले पाच दिवस.

व्हिडिओ काढला व्हता अरमाननं. मी मामा म्हनून मांडवात, मंग कॅमेरा कोन धरनार? अरमान आपला दोस्त, त्याच्याकडं नवीन कॅमेरा. शूटिंग मला हार्डडिस्कमदी देऊन तो गेला लातूरकडं दुसऱ्या लग्नाला, दुकानाला कुलूप. मी ती फाइल मोबाइलवर लावली, मोबाइल म्हनला चालत न्हाई. कंप्युटरवर लावली, तर तुमाला सांगतो, आवाज असा खनखनीत, 'नवरदेवाचे मामा भगवानराव यांना मानाचा फेटा बांधन्यात येत आहे', माझाच आवाज, आन् चित्र? चित्र कुठं अडकलं, तर मांडवातल्या पंख्यावर. पंखा बी फिरंना. आवाज पुढं पळायलाय, जेवनाच्या पंगतीपर्यंत गेला, आन् चित्रात आपला तो पंखा.

मी भगवानरावाला फोनवर आवाज ऐकवला. म्हनलं, ऐका, पटतंय का? तो म्हनतो, 'आवाज कुनाचाबी काढता येतो. मला माजं डोकं दाखव.'

मंग गेलतो केजला जमीलभाईकडं. टीव्ही, मिक्सर, कंप्युटर सगळं दुरुस्त करतो, हात सोन्याचा, पन तोंड लई. तो म्हनला, 'सोमनाथभाऊ, कॅमेरा नया, मशीन दादा के जमाने का. ग्राफिक कार्ड टाकावं लागंल.' मी म्हनलं टाक बाबा. त्यानं दुकानातलंच एक जुनं कार्ड काढलं, फुंकर मारली, आन् माझ्या कंप्युटरचा डबा खोलला. खोलला आन् गप्प बसला. जमील गप्प बसला म्हंजी काहीतरी इपरीत हाय. मंग चिमट्यानं आतून एकेक दाना काढायला लागला. तांदूळ. कुंकवानं लाल झालेले. म्हनला, 'खुदा कसम, वीस साल झाले मशीन खोलतो, पालीचं अंडं निघालंय, उंदीर निघालाय, अक्षदा पयल्यांदा निघाल्या. हे कंप्युटर हाय का देव्हारा?'

आता काय सांगू त्याला. आमच्याकडं दसऱ्याला शस्तराची पूजा असती की न्हाई? शेतकरी इळा-कोयता पूजतो, मी कंप्युटर पूजतो. आमची मंडळी लई मनापासून पूजा करती, डब्याचं झाकन उन्हाळ्यात गरम होतंय म्हनून काढलेलं, तिनं हळद-कुंकू, अक्षदा सगळं आतमदीच वाहिलं. बारा वर्सं. कार्ड जिथं बसवायचं त्या खाचेत हळदीचा थर, जमीलनं बुरूस मारमारून काढला. कार्ड बसवलं. म्हनला, 'घरी जाऊन ड्रायव्हर टाक, न्हाई झालं तर एकदा रिस्टार्ट करून बघ.'

ड्रायव्हर! मला वाटलं सोपं काम असंल. ड्रायव्हर म्हंजी त्या कार्डाला चालवनारं सॉफ्टवेअर, ते न्हाई टाकलं की कार्ड नुसता पत्रा. घरी येऊन चालू केलं तर स्क्रीन काळी. मिट्ट काळी. मी दोन तास बटन दाबतोय, तार हलवतोय, टेबलाला लाथ मारतोय. जमीलला फोन. तो म्हनतो, 'स्क्रीनची तार जुन्या जागी लावली असंल, कार्डात लाव.' लावली. चित्र आलं. पन केवढं? एकेक अक्षर परातीएवढं. माऊसचा बान तुळशीच्या रोपाएवढा. तुमाला सांगतो, माझ्या कंप्युटरचे डोळे गेले व्हते ते आता फुटून भाईर आल्यावानी झालं.

ड्रायव्हरची सीडी टाकावी तर सीडीचा कप्पा उघडंना. सेफ्टी पिननं उघडला, आत भाच्याच्या जावळाच्या फोटोंची सीडी, आन् कप्पा परत बंद होईना. मंग मोबाइलचं नेट लावून ड्रायव्हर उतरवायला घेतला. सकाळी सातला लावला, दुपारी दोनला उतरला, आन् उतरून काय म्हनला? हा तुमच्या विंडोजसाठी न्हाई. आरं, सात तास कावून उतरलास मंग? पयल्यांदाच सांगायचं की. मानसात अशी रीत असती का? दारात पाव्हना आला, जेवला, झोपला, आन् संध्याकाळी म्हनला मी शेजारच्या घरी आलतो.

दुसरा उतरवला. तो म्हनला तुमचं विंडोज बत्तीस बिटवालं, मी चौसष्ट बिटवाला. तिसरा उतरवला, तो म्हनला आदीचा ड्रायव्हर काढा. काढला. मंग म्हनतो, कार्डच सापडंना. आरं तू ज्याच्यावर बसलास तेच कार्ड हाय बे! मंग म्हनलं यूट्यूबवर बगावं. तितं एक गडी, 'नमस्कार मित्रांनो, ही समस्या सगळ्यांना येते, व्हिडिओ शेवटपर्यंत बघा', आन् मी बघतोय, बघतोय, आधी त्याची गावची जत्रा, मंग त्याचा नवा माईक, आन् अठराव्या मिनिटाला काय सांगतो, एकदा रिस्टार्ट करून बघा.

कार्डाच्या कंपनीला फोन लावला. आधी गानं. अर्धा तास गानं. मंग एक बाई लई गोड बोलली, 'सर, आपका कार्ड बहोत पुराना है, हम उसको सपोर्ट नहीं करते.' मी म्हनलं, बाई, पोरगी माहेरी अडकलीय. ती म्हनली, 'समझ सकती हूँ सर. एक बार रिस्टार्ट करके देखिए.' आता ती तरी काय करनार. पन मला तवा असा राग आलता की फोनातून हात घालून तिचा चहा सांडावा.

मंग चौथा ड्रायव्हर टाकायला घेतला, शुक्रवारी सत्त्यान्नव टक्के झालं आन् लाइट गेली. शनवारी अठ्ठ्यान्नव. तीन तास अठ्ठ्यान्नव. मी हात जोडून बसलोय. आक्का आली, कंप्युटरपुढं उभी राहिली आन् पदराला डोळे पुसत मला म्हनती, 'सोमू, ते रिस्टार्ट का काय म्हनत्यात, ते तरी करून बग की रे.' घरची मानसं बी फितूर. उज्ज्वला नुसती बाजूला स्टुलावर येऊन बसली. तिनं बोलावं, भांडावं, ते परवडलं असतं. म्हनलं पोरी, तुझ्या मामानं शब्द दिलाय, उद्या तुला गाडीत बसवतो.

आन् आयतवारी सकाळी, काय मनात आलं त्याच्या, शंभर टक्के झालं. आपोआप. मी फाइल लावली, पंखा फिरला. आवो, मांडवातला पंखा गरागरा फिरला आन् मी रडलो. पुढचं सगळ्यांसंगंच बघू म्हनून तितंच थांबवलं.

अकराला भगवानराव आले, संगं तलवाड्याची चार मानसं. आक्कानं चहा केला. स्टुडिओत पाय ठेवायला जागा न्हाई. मी छाती काढून उभा राहिलो आन् बटन दाबलं.

काय चित्र म्हनता! एवढं क्लिअर, की आचाऱ्याच्या कपाळावरला घाम मोजून घ्या. माझा आवाज आला, 'नवरदेवाचे मामा भगवानराव यांना मानाचा फेटा बांधन्यात येत आहे.' भगवानराव पुढं आले. खुर्चीवर बसले. मान वाकवली, हात गुडघ्यावर. आन् फेटेवाला पिशवीत हात घालतोय. पिशवी उलटी करतोय. झटकतोय. रिकामी. भगवानराव तशेच वाकलेले, बोडकं डोकं, वाट बघायलेत. आन् त्यांच्या बाजूला मी. माईक धरून. मजेत. आन् माझ्या डोक्यावर जरीचा फेटा.

मला आता आठवलं. मी यादी वाचत व्हतो तवा त्या फेटेवाल्यानं मला पयला धरला, जवळ उभा व्हतो म्हनून, आन् मानाच्या पाचातला एक मलाच बांधून टाकला. मी नावं वाचन्यात गुंग. दिवसभर मिरवला. डोकं जड झालतं, मला वाटलं जागरन झालंय.

चित्र पंख्यावर अडकलं असतं तर आवाजाच्या जोरावर मी भांडत राहिलो असतो जलमभर. पाच दिवस मरमर केली, जेवलो न्हाई, झोपलो न्हाई, आन् काय केलं? सोताच्या इरुद्धचा पुरावा सोताच्या हातानं दुरुस्त केला. अक्षदा काढून.

मंग काय, शब्द दिलता. फेटा घेतला, सांच्याला आष्टीला गेलो, गावासमोर भगवानरावाला बांधला, पायावर डोकं ठेवलं. गडी तसा मनाचा मोठा, उचलून छातीशी धरलं. सोमवारी जावई आले, उज्ज्वला गाडीत बसली. जाताना हसली पोरगी, खरं सांगतो, तेवढ्यासाठी मी अजून चार जनांच्या पाया पडलो असतो.

पन भगवानराव लई हुशार. छातीशी धरलं तवा कानात म्हनले, 'सोमनाथराव, अरमानला मी लातूरहून बोलावून घेतलंय, तुमी पाया पडलात त्याचं समदं शूटिंग झालंय बरं का. गानं टाकून मिक्सिंग तेवढं करून द्या, पावन्यात दाखवायचंय.' तवापासून बसलोय इतं. सोताची वाकलेली पाठ, सोताच्या कंप्युटरवर, एकदम क्लिअर.