अध्यक्षांच्या कानातला फाया

नाव : महामाया सुगत नरवाडे. वय : ३४ वर्षे. धंदा : नोकरी (रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, तासिका तत्त्वावर). राहणार : पाण्याच्या टाकीजवळ, जळकोट, जि. लातूर. मूळ राहणार : मुदखेड, जि. नांदेड.

तक्रारी अर्जाच्या चौकशीसाठी बोलावल्यावरून मी आज स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी आई नागुबाई हिच्यासोबत राहते. वडील रेल्वेत गँगमन होते, ते वारले. माझे एम.एस्सी. व पीएच.डी. नांदेडला झाले. गेली सहा वर्षे मी तालुक्यातील कै. व्यंकटराव बेळकोणीकर महाविद्यालयात शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय असे हवालदारांनी विचारले, त्यावर सांगते की, जेवढे तास शिकवले तेवढ्याचा पगार निघतो. उन्हाळ्यात कॉलेज बंद असते, तेव्हा पगारही बंद असतो. संशोधन तासात धरत नाहीत.

संस्थेचे अध्यक्ष श्री. हणमंतराव व्यंकटराव बेळकोणीकर यांना मी ओळखते. कॉलेजचे प्राचार्य डॉ. राजशेखर हे त्यांचे चिरंजीव. कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते प्राचार्य सरांचे आजोबा. माझ्याविरुद्धचा अर्ज प्राचार्य सरांनी दिला असून, मी जाणूनबुजून अध्यक्ष साहेबांवर माशा सोडल्या असा त्याचा आशय आहे. तो मला वाचून दाखवण्यात आला.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक लहान सेंद्रिय संयुग तयार केले आहे. लवंगेच्या तेलात जो मुख्य पदार्थ असतो, त्याच्या रेणूत थोडा फेरफार करून ते बनते. दिसायला फिकट तेलासारखे, वास लवंग आणि अत्तर यांच्या मधला. माणसाला त्याचा काही उपयोग नाही. आंब्यावर जी फळमाशी बसते तिच्या नराला मात्र ते लांबून ओढून आणते. कापसाला थेंबभर लावून प्लास्टिकच्या बाटलीत टांगले की नर आत शिरतात आणि मरतात. नर संपले की मादीची अंडी उबत नाहीत आणि आंबा कापल्यावर आत अळी निघत नाही. असे द्रव्य बाजारात आधीपासून मिळते. माझे त्याहून लांबचे नर ओढते, एवढाच शोध आहे. सदर रसायन घातक आहे काय असे विचारले असता सांगते की, नर माशीसाठी आहे.

त्याची चाचणी मी कॉलेजच्या मागे असलेल्या गुरुबसप्पा धुळशेट्टे यांच्या केशर आंब्याच्या बागेत घेतली. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. बाटल्या टांगल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला बोलावून घेतले. बाटल्या काळ्या झाल्या होत्या. अण्णा म्हणाले, "म्याडम, लग्नाची पोरगी दाखवायची म्हणलं तरी इतकी पोरं जमत न्हाईत." त्या हंगामात त्यांच्या बागेचा आंबा हैदराबादला गेला.

ही गोष्ट प्राचार्य सरांच्या कानावर गेल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावले. ते म्हणाले, "मॅडम, शोधाला वजनदार नाव लागतं. तुमच्या नावावर पेटंट टाकलं तर कोण विचारणार हाय?" पेटंटच्या अर्जावर पहिले नाव अध्यक्ष साहेबांचे, दुसरे प्राचार्य सरांचे आणि तिसरे सरांच्या पत्नी शिल्पाताई यांचे होते. शिल्पाताई मराठीच्या एम.ए. आहेत. साहेबांचे रसायनशास्त्रातील शिक्षण किती, हे मला माहीत नाही. संस्थेत कोणालाच माहीत नाही. संयुगाचे नाव 'हणमंतगंध' असे ठेवण्यात आले. माझे नाव कुठे आहे असे मी विचारले. सर म्हणाले, "आभारात हाय की. आभार शेवटी असतेत, म्हणून ते लोकांच्या ध्यानात राहतेत." माझी काही हरकत नाही, असे लिहिलेल्या कागदावर मी सही केली. सही का केली असे विचारले असता सांगते की, उन्हाळा जवळ आला होता.

त्यानंतर मे महिन्यात 'हणमंतगंध लोकार्पण सोहळा' ठरला. तो अण्णांच्या बागेत घ्यायचे ठरले. आंबे पाडाला आलेले होते. मी सरांना म्हटले की, कार्यक्रम सभागृहात घ्या, बागेत माशा आहेत. सर म्हणाले, "बागेत फोटो चांगले येतेत." मांडव टाकला, बॅनर लावला. बॅनरवर साहेब पांढरा कोट घालून परीक्षानळीकडे पाहत आहेत असा फोटो होता. परीक्षानळीत चहा होता. तो मीच ओतून दिला होता, कारण साध्या पाण्याला रंग येत नाही, असे फोटोग्राफरचे म्हणणे होते. तालुक्यातील बरेच बागायतदार आले होते. मंचावर मला बसायला खुर्ची होती काय असे विचारले असता सांगते की, मी उभी होते. हातात कुपी आणि कापूस ठेवलेला ट्रे होता.

नारळ फुटल्यावर साहेबांनी ट्रेमधील कुपी उचलून तिचे बूच काढले. साहेबांना अत्तराचा शौक आहे. कानात फाया असल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "वा. काय खुशबू हाय. तब्येत खुश झाली." असे म्हणून त्यांनी दोन्ही मनगटांना द्रव्य चोळले.

मी म्हणाले, "साहेब, हे अंगाला लावायचं नसतं."

साहेब म्हणाले, "का? इख हाय का?"

"विष नाही, पण बागेत..."

तेवढ्यात प्राचार्य सर म्हणाले, "मॅडम, शोध साहेबांचा हाय. तुम्ही त्यांना काय सांगून राहिल्या?" त्यावर समोरचे लोक हसले. साहेबांनी मग मानेला लावले, मिशीवरून बोट फिरवले, जुना फाया काढून टाकला आणि नवीन कापूस कुपीत बुडवून उजव्या कानात ठेवला. मी जवळ जाऊन हळू आवाजात पुन्हा सांगितले. सर म्हणाले, "गप उभ्या राहा." तिसऱ्यांदा मी सांगितले नाही. का सांगितले नाही असे विचारले असता सांगते की, मी गप उभी होते.

साहेब भाषणाला उठले. हे संशोधन आपण रात्रीचा दिवस करून केले असे त्यांनी सांगितले. साहेब प्रयोगशाळेत एकदा आले होते, फरशी बसवायचे काम पाहायला. बोलत असताना त्यांच्या मनगटावर दोन-तीन माशा येऊन बसल्या. साहेबांनी हात वर करून त्या लोकांना दाखवल्या आणि म्हणाले, "बघा, कशा येऊन राहिल्या. हाच माझा शोध." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर कानावर आणि मिशीवर माशा बसू लागल्या. साहेब म्हणाले, "राजू, पंखा लाव." सरांनी साहेबांच्या पाठीमागचा मोठा पंखा चालू केला. पंख्याचा झोत साहेबांच्या अंगावरून बागेकडे जात होता. वासही तिकडेच गेला.

पुढे किती माशा आल्या हे मला सांगता येणार नाही. साहेबांचा चष्मा दिसेनासा झाला. या माशा चावत नाहीत. नाकात जातात, कानात जातात, आणि ज्या कानात फाया होता तिथे त्यांची रीघ लागली होती. साहेबांनी सत्काराची शाल डोक्यावर घेतली. शालीला मनगटे घासल्यामुळे माशा शालीवरही बसल्या. समोरचे बागायतदार खुर्च्यांवरून उठून पुढे आले. ते हसत होते असे अर्जात म्हटले आहे, ते बरोबर नाही. ते मन लावून पाहत होते. एकाने विचारले, "हे कुठं मिळतंय?" अण्णा म्हणाले, "साहेब, हलू नका जरा. वरच्या बागेतल्या अजून यायच्या हायत." साहेब हलले. मंचावरून उतरून पळताना ते पाण्याच्या पाटात पडले आणि त्यांचा पाय मुरगळला.

मी त्यांना हात देऊन उठवले. अंगातला सदरा काढायला लावला. त्यांची शाल घेऊन कुपीत राहिलेले सगळे द्रव्य तिच्यावर ओतले आणि बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. बहुतेक माशा साहेबांना सोडून माझ्यामागे आल्या. तिथल्या लिंबाच्या झाडाला शाल बांधली आणि परत आले. या कृत्याला अर्जात 'पुरावा नष्ट करणे' असे म्हटले आहे. कुपीत माझे दीड वर्षाचे काम होते, दुसरी कुपी नाही. ते ओतताना मला काय वाटले, असे कोणी विचारले नाही, म्हणून सांगत नाही.

साहेबांना हापशावर नेऊन साबणाने धुतले. त्या गडबडीत कानातला फाया काढायचे राहिले. मी सरांना खुणेने कान दाखवला. मी वेडावत आहे असे सरांना वाटले. साहेबांच्या घरी आणि त्यानंतर मुदखेडला एका लग्नाच्या पंगतीतही माशा आल्या असे ऐकले आहे, मी पाहिलेले नाही. साहेब अर्ज देताना सोबत आले तेव्हा या ठाण्यातही आल्या, असे हवालदारांनी मला सांगितले. ते जबाबात घेऊ नका असेही ते म्हणाले.

या प्रकाराचा व्हिडिओ कोणीतरी मोबाईलवर पसरवला. तो मी पसरवलेला नाही. तो पाहून शेतीची औषधे विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस कॉलेजवर आला आणि हे द्रव्य ज्यांनी बनवले त्यांना भेटायचे आहे म्हणाला. साहेबांनी त्याला चहा पाजला. त्याने बनवण्याची रीत विचारली. साहेबांनी आणखी एक चहा पाजला.

काल संध्याकाळी प्राचार्य सर माझ्या घरी आले. यापूर्वी ते कधी आले नव्हते. आईने दिलेले पाणी त्यांनी हातात घेतले आणि तसेच खाली ठेवले. ते म्हणाले, "मॅडम, झालं गेलं सोडून द्या. मी अर्ज मागं घेतो. तुम्ही एवढंच लिहून द्या की द्रव्य साहेबांनीच बनवलं, तुम्ही नुसता ट्रे धरला होता. आणि ती रीत एका कागदावर काढून द्या. पुढच्या वर्षी कायम जागेचं बघू."

आई दारात बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "म्हंजे माशा बी साहेबांनीच आणल्या म्हणा की."

मी त्यांना विचार करून सांगते म्हणाले. रात्री मी आणि आई जेवलो. नोकरी जाणार हे आईला सांगितले. ती म्हणाली, "ती होती कवा?"

तरी आज विचार करून सांगते की, अर्ज मागे घेण्यास माझी हरकत आहे. ज्याच्याविरुद्ध अर्ज असतो तो माणूस अशी हरकत घेत नसतो, असे हवालदारांनी मला समजावून सांगितले. मला ते समजले. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात प्राचार्य सरांनी लिहिले आहे की, "सदर रसायन महामाया नरवाडे हिने एकटीने तयार केले असून त्याच्या निर्मितीशी अध्यक्ष अथवा संस्थेचा कोणताही संबंध नाही." खाली सरांची सही आणि कॉलेजचा गोल शिक्का आहे. साक्षीदार म्हणून साहेबांची सही आहे. माशा मी सोडल्या हे खोटे आहे. पहिला परिच्छेद मात्र अक्षर न् अक्षर खरा आहे, आणि तो मला मान्य आहे. सदर अर्जाची सही-शिक्क्याची नक्कल मिळावी, ती मला पेटंट कार्यालयाला पाठवायची आहे. होणाऱ्या चौकशीला मी बोलवाल तेव्हा हजर राहीन. द्रव्य पुन्हा बनवायला लवंगेचे तेल आणून ठेवले आहे.

हा जबाब हवालदारांनी संगणकावर घेतला आणि मला मोठ्याने वाचून दाखवला. रसायन कोणी तयार केले, त्या ठिकाणी त्यांनी सवयीने 'कॉलेजने' असे टाकले होते. ते खोडून 'मी' असे करून घेतले. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही/-
(महामाया सुगत नरवाडे)