मातीपुरती ठेव

(लँकशायरमधलं गिरणगाव, ऑक्टोबर १९३१. निवडणुकीचा निकाल लागल्याची दुपार. विधवा झिला ऑर्मरॉड आणि तिची विणकर लेक एडना.)

एडना : ...पंधरा हजारांनी हरलो, आई. पंधराशे नव्हे. आकडा वाचून दाखवला तेव्हा आमच्यातलं कुणी वरसुद्धा बघेना.

झिला : बूट काढ आधी. टाचा सोलून निघाल्यात.

एडना : सगळ्या देशात मजूर पक्षाचे खासदार पन्नासच्या आसपास उरतील म्हणे. होते पावणेतीनशेच्या वर.

झिला : बटाटे झाकून ठेवलेत.

एडना : हरल्याचं एवढं नाही गं. मागेही हरलोय. पण आपली गल्ली! चौदा महिने गिरणी बंद, घरटी एक जण बसून. तीन आठवडे दारं ठोठावली, बायकांनी हात हातात घेऊन सांगितलं, मत तुमचंच. आज येताना एकीनेही मान वर केली नाही.

झिला : घाबरल्या असतील.

एडना : कशाला?

झिला : रेडिओवर सांगत होते ना, मजूर पक्ष आला तर पोस्टातली ठेव बुडणार.

एडना : थाप होती ती. दारोदार तेच समजावत फिरले मी.

झिला : मला नाही समजावलंस.

एडना : तुला कशाला समजाव... आई. तूसुद्धा?

झिला : हो. तुझ्या बापाला फुकटच्या खड्ड्यात पुरलं, तिघा अनोळख्यांसोबत. वर नावसुद्धा नाही. तेव्हापासून लोकांची धुणी धुऊन साठवलंय, माझ्या मातीपुरतं. मत द्यायला पेन्सिल हातात घेतली आणि तो खड्डाच डोळ्यांपुढे आला. रागाव गं. बोल काहीतरी.

एडना : रागवायला त्राण नाही अंगात. सरक जरा, शेकोटीपाशी बसू दे.

झिला : आता तरी धोका नाही ना ठेवीला?

एडना : पोस्टात आहे ते पोस्टातच राहील. पण पुढच्या महिन्यापासून माझा बेकारभत्ता द्यायच्या आधी घर तपासायला सरकारी माणूस येणार. घरात कुणी काय साठवलंय ते विचारणार. आधी ते खाऊन संपवा म्हणेल, मग आमच्याकडे या.

झिला : माझे पैसे? मातीचे?

एडना : कुणाचेही.

झिला : ...पोस्टाचं पुस्तक गादीत शिवून टाकते. विचारलं तर सरळ नाही म्हणेन.

एडना : तुला खोटं बोलता येत नाही, आई. आत्ताच बघितलं मी.