कॉलिनची ढोलकी

अहो, आमच्या शेजारच्या कॉलिनचं तुम्हाला सांगितलंच नाही ना? दोन हजार सोळाचा गणपती. कॅनडात, टोरोंटोच्या एटोबिको भागातल्या आमच्या बेसमेंटमध्ये पन्नास माणसं जमलेली, आणि ढोलकीवाल्या साठेकाकांची नेमकी पाठ धरलेली. ह्यांनी सरळ कॉलिनला बोलावलं. सत्तरीचा इंग्रज. तरुणपणी इंग्लंडमध्ये रॉक बँडचा ड्रमर होता, मग इथे येऊन जन्मभर स्कूल बस चालवली.

आपल्या आरत्या कशा, सुरुवात संथ आणि पुढे सगळेच धावत सुटतात. हा बिचारा पहिल्या आरतीला आम्हाला सारखा मागे खेचत होता. मी म्हटलं, "कॉलिन, डोंट होल्ड बॅक! आमच्यात असंच फास्ट होत जातं." मग काय, पठ्ठ्या असा सुटला की टाळ्या वाजवता वाजवता आमची दमछाक झाली.

नंतर मोदक देताना मी मनापासून थँक यू म्हटलं, तर माझाच हात धरून म्हणाला, "थँक यू मी म्हणायला हवं. बँड फेमस व्हायच्या आधीच मला काढून टाकलं होतं. का, माहितेय? मी प्रत्येक गाणं फास्ट करत नेतो म्हणून."