तराजूकाकांचा पाचवा गुण

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या दैनिकाचे मालक, व्यासपीठावरचे मान्यवर, पहिल्या रांगेत मन घट्ट करून बसलेल्या काकू, आणि भाषणं आटोपून चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसलेल्या सहकाऱ्यांनो,

आज आपण निरोप देतोय तो आमच्या तराजूकाकांना. काका प्रकृतीमुळे वेळेआधी निवृत्त होताहेत, असं मालकांनी आत्ताच सांगितलं. खरंच आहे. काका जिन्यानं वर आले, आम्ही सगळे लिफ्टनं, काळजी वाटणारच! शिवाय त्यांचा 'तराजू' हा स्तंभ आता मी लिहायचा आणि उद्याच्याच अंकात त्यांची चूक दुरुस्त करायची, अशीही घोषणा झाली. टाळ्या वाजवल्यात, आभारी आहे.

पाहुण्यांना ती चूक सांगायला हवी. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली की काका प्रत्येक उमेदवाराचे पाच गुण आणि पाच दोष छापत. मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला शिरस्ताच तो. दोषांना काय तोटा? गुण शोधताना मात्र काकांचा घाम निघे. एका उमेदवारानं भर सभेत कार्यकर्त्याच्या थोबाडीत दिली, तर काकांनी लिहिलं, 'कार्यकर्त्यांशी थेट संपर्क.' दुसरे महापुरात परदेशी फिरत होते. गुण: 'परत आले.' आहे कुणाची बिशाद याला पक्षपात म्हणायची?

यंदा उभे होते दोघे. एक बाई, माजी न्यायाधीश. त्यांचा मोठा दोष म्हणजे समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतात. असल्या सवयीनं कधी देश चालतो का? आणि दुसरे मंत्रिमहोदय, जे परवा निवडून आले. आवाज खणखणीत, माइक नसला तरी चालतं, ऐकणारा नसला तरी चालतं. असे चार गुण काकांनी ओढूनताणून जमवले. पाचव्याला गाडी अडली.

कारण मध्यंतरी नदीवरचा पूल कोसळून माणसं गेली, तेव्हा काका बातमीसाठी नदीकाठी होते. मंत्रिमहोदय सांत्वनाला आले. लेक गेलेली एक बाई टाहो फोडत होती. महोदय तिला म्हणाले, "ताई, जरा डावीकडे सरका, फोटोत सावली येतेय."

मी काकांना म्हटलं, "अहो, काहीतरी लिहा ना! उंच आहेत म्हणा." काका म्हणाले, "पोरी, आजवर शोधले म्हणून सापडले. या वेळी शोधायचीच लाज वाटतेय." अंकात पाचचा आकडा छापला गेला, पुढे कोरं. निकाल लागला आणि इकडे काकांची प्रकृती एकदम ढासळली, म्हणजे मालकांच्या मते.

काल मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून पाचवा गुण सुचवलाही: 'दुःखितांच्या पाठीशी ठाम उभे राहतात.' फोटोत तसंच दिसतंय, नाकारणार कसं?

मालक, मी लिहायला बसले होते हो. घरी सासरे अंथरुणाला खिळलेत, मुलगी कॉलेजात आहे, नोकरी मला हवीच आहे. हे तुम्हाला पक्कं ठाऊक, म्हणून तर मला निवडलंत. पण हात धजला नाही आणि धजणारही नाही. पुन्हा हॉल घ्यायची तसदी नको, माझाही निरोप आत्ताच उरकून घ्या.

माइकवाल्या दादांचे विशेष आभार. बटण अजून त्यांच्या हातात असूनही त्यांनी मला बोलू दिलं. काकू, तुम्ही रडू नका, नाहीतर मलाही आवरायचं नाही. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या. काकांच्या लेखात मात्र काहीही चुकलेलं नव्हतं.