शेरे न काढता पाठवलेल्या पीडीएफबाबत

नाव मेघा अंकुश निखाडे, वय 43 वर्षे, धंदा खाजगी नोकरी (संगणकावर टायपिंग; दि. 29/01/2025 पासून कामावर घेत नाहीत), रा. त्रिमूर्ती नगर, नागपूर.

आज दि. 11/02/2025 रोजी आपण बोलावल्यावरून पोलीस स्टेशनला येऊन समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर पती व सासूसह राहते. प्रताप नगर भागात मुलींचे वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात मी एकोणीस वर्षे टायपिंगचे काम केले. संस्थेचे सचिव जितेंद्र खोडे यांनी माझ्याविरुद्ध तक्रार अर्ज दिला आहे. मी चौकशी अहवालात स्वतःच्या मनाने खोटे शेरे घुसवून तो बाहेर पाठवला आणि संस्थेची बदनामी केली, असे त्यात म्हटले आहे. तो अर्ज मला दाखवण्यात आला. टायपिंग कोणी केले माहीत नाही, पण एका पानात सात चुका आहेत.

दि. 09/01/2025 रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भीमाबाई मेश्राम, वय 56 वर्षे, यांचा उजवा हात कणीक मळण्याच्या यंत्रात सापडला. तीन बोटे गेली. हात आत जाऊ नये म्हणून त्या यंत्राच्या तोंडावर लोखंडी जाळी असते. ती जाळी दिवाळीच्या आधीच तुटली होती. भीमाबाईंना लिहिता-वाचता येत नाही. जाळी बसवून मिळावी असे तीन अर्ज त्यांनी सांगितले तसे मीच टाइप केले होते. तिसरा अर्ज दि. 30/12/2024 चा आहे. तिन्हींवर आवक क्रमांक आहेत. जाळी मात्र कोणी बसवली नाही.

वॉर्डन शोभाताई लांजेवार यांनी चौकशी केली व वर्डमध्ये अहवालाचा मसुदा तयार केला. त्यात त्यांनी खरे लिहिले होते. "अपघातसमयी यंत्रावर जाळी बसवलेली नव्हती. याबाबत सदर महिलेचे तीन अर्ज प्राप्त होते." असे वाक्य होते. दि. 27/01/2025 रोजी दुपारी 4.10 वाजता ती फाइल सचिवांच्या मेलवरून माझ्याकडे आली. तो मेल आपणास दाखवला आहे. "बसवलेली नव्हती" या शब्दांवर लाल रेघ होती व पुढे "सदर महिलेने स्वतः काढून ठेवली होती" असे घातले होते. समासात सचिवांच्या नावाचे चार शेरे होते. एक असा: "शोभाताई, तीन अर्जांचा उल्लेख नको, आपण सगळे अडकू." आणि शेवटचा: "बाईला वाचता येत नाही. काळजी नको."

आपण विचारल्यावरून सांगते की, फाइल वर्डमध्ये असेपर्यंत ज्याच्या हाती पडेल त्याला तीत बदल करता येतो. पीडीएफ केली की कागद आहे तसा सगळ्यांना दिसतो, अक्षर जागचे हलत नाही. म्हणून बाहेर जाणारे प्रत्येक पत्र पीडीएफ करूनच जावे, असा सचिवांचा नियम आहे. नियम चांगला आहे.

फाइल पाहून मी सचिवांच्या केबिनमध्ये गेले. शोभाताई तिथेच बसल्या होत्या. मी म्हटले, "सर, जाळी बाईंनी काढली नाही. त्यांचे अर्ज फाइलला आहेत." त्यावर सचिव म्हणाले, "तुले कोणी विचारलं? तुझं काम टायपिंगचं. डोकं काहून लावून राहिली? फाइल दिली तशीच्या तशी पीडीएफ कर अन् उद्या पाठवून दे. एक अक्षर इकडचं तिकडं करू नको." मी शोभाताईंकडे पाहिले. वाक्य त्यांचेच होते. त्या पेपरवेट फिरवत राहिल्या.

दि. 28/01/2025 रोजी सकाळी 11.25 वाजता मी फाइलची पीडीएफ केली. ती सचिवांनी दिलेल्या दोन पत्त्यांवर पाठवली. एक कामगार कार्यालयाचा व दुसरा भीमाबाईंचा मुलगा धम्मानंद याचा. लाल रेघ, त्याखालचे मूळ शब्द व चारही शेरे पीडीएफमध्ये तसेच गेले.

दुपारी पाऊणच्या सुमारास धम्मानंदचा फोन आला. तो हिंगण्याला कंपनीत आहे, त्या दिवशी दुसरी पाळी असल्याने घरीच होता. तो म्हणाला, "मॅडम, बाजूले हे काय लिहून आहे? 'बाईला वाचता येत नाही' म्हणते. हे मायबद्दल आहे का?" मी हो म्हटले. त्याने आईला सगळे वाचून दाखवले, ते मला फोनवर ऐकू येत होते. मग भीमाबाईंनी फोन घेतला. "मेघाबाई, मी जाळी काढली असं काहून लिहून राहिले वं? मी तं तिले हातही नाही लावला." त्या रडल्या नाहीत. मला मात्र इतकी लाज वाटली की मी फोन ठेवून दिला.

तीन वाजता सचिवांनी मला बोलावले. मेल परत घे, पीडीएफची पुन्हा वर्ड कर, बाजूचे पुसून नव्याने पाठव, असे ते म्हणाले. गेलेला मेल परत येत नाही, हे मी त्यांना सांगितले. दुसऱ्या दिवशी चौकीदाराने मला गेटवरच थांबवले. माझा डबा व चष्मा आतच आहे.

दि. 08/02/2025 रोजी शोभाताई माझ्या घरी आल्या होत्या. त्यांनी चहा घेतला व म्हणाल्या, "मेघा, चुकून झालं म्हण वं. घाईत शेरे काढायचं बटण राहून गेलं म्हण. सर अर्ज मागे घेतात, तू पुढच्या सोमवारपासून कामावर ये. भीमाबाईचं जे व्हायचं ते होईल, तू काहून आपल्या पोटावर पाय आणून राहिली?" माझ्या पतीचेही तेच म्हणणे आहे. सासूबाईंनी तर देवापुढे नारळ ठेवला आहे. आज इथे येताना चुकून झाले असेच सांगायचे ठरवून मी निघाले होते.

आता आपण सरळ विचारले म्हणून सांगते. शेरे माझे नाहीत, सचिवांचे आहेत. आणि चूक झालेली नाही. शेरे काढायला दोन वेळा बटण दाबावे लागते. ते मला चांगले ठाऊक आहे, कारण एकोणीस वर्षे सचिवांचे शेरे मीच काढत आले. मागच्या उन्हाळ्यात टाकीच्या पाण्याने अकरा मुली आजारी पडल्या. अहवालात "टाकीचे पाणी" खोडून "बाहेरचे खाणे" झाले. तेव्हा लाल रेघा मिटवून स्वच्छ पीडीएफ मीच केली आणि संध्याकाळी घरी जाऊन व्यवस्थित जेवले. त्यातली एक मुलगी शिक्षण सोडून भिवापूरला परत गेली. तिच्या वडिलांना पाठवलेला अहवालही मीच केलेला होता. भीमाबाईंच्या वेळी बटणावर बोट ठेवले होते, पण दाबले नाही.

वरील मजकूर मराठीत टाइप करून मला वाचून दाखवण्यात आला. शेवटचा परिच्छेद तुमच्याच अंगावर येईल, काढायचा का, असे आपण दोनदा विचारले. काढू नका, असे मी सांगितले. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
मेघा अंकुश निखाडे